दहा तासांत संपला, म्हणून काय झालं?

‘द बॅनर सागा’ हा खेळ २०१४ च्या जानेवारीत आला. तेव्हापासून त्याच्याबद्दलच्या खेळाडूंच्या मतांत एक तक्रार हटकून सापडते. खेळ देखणा आहे, गोष्ट चांगली आहे, पण दहा-बारा तासांत संपतो. कुणी हे हळहळून सांगतं, कुणी चिडून, तर कुणी थेट पैशांचा हिशेब मांडून. आला तेव्हा त्याची किंमत सुमारे २५ डॉलर होती. म्हणजे तासाला दोन-अडीच डॉलर पडले. त्यापेक्षा तो दुसरा खेळ घ्या, शंभर तास चालतो!

या आठवड्याचा टोला या हिशेबाला.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. देव मेले आहेत. सूर्य आकाशात थबकला आहे. बर्फाळ मुलखात माणसं आणि ‘वार्ल’ नावाचे शिंगवाले महाकाय एकमेकांना सांभाळून राहतात. वार्लांना घडवणारा देवच मेल्यामुळे नवा वार्ल आता होणे नाही, आहेत तेवढेच शेवटचे. अशात दगडी चिलखतांतले ‘ड्रेज’ चालून येतात. रूक नावाचा शिकारी आपली मुलगी ॲलेट आणि गावातली वाचलेली माणसं घेऊन वाट धरतो. दुसरीकडे हाकोन नावाच्या वार्लवर दुसऱ्या तांड्याची जबाबदारी येऊन पडते. हे दोन्ही तांडे तुम्ही चालवायचे. अन्न पुरवायचं, भांडणं मिटवायची, वाटेत भेटलेल्याला सोबत घ्यायचं की नाही ते ठरवायचं आणि वेळ आली की लढायचं. लढाई चौकटींच्या पटावर, पाळीपाळीनं होते. तुमचे जास्तीत जास्त सहा मोहरे असतात. माणूस एक चौकट व्यापतो, वार्ल चार.

हा खेळ उभा केला टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरातल्या तिघांनी. ॲलेक्स थॉमस, आर्नी जॉर्गेन्सन आणि जॉन वॉटसन यांनी आधी ‘बायोवेअर’ या मोठ्या कंपनीत ‘स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक’वर काम केलं होतं. तो असंख्य लोकांनी एकाच वेळी ऑनलाइन खेळायचा, वर्षानुवर्षं न संपणारा खेळ. तो सोडून या तिघांनी ‘स्टोइक’ नावाचा छोटा स्टुडिओ काढला आणि २०१२ मध्ये ‘किकस्टार्टर’वर लोकांकडे एक लाख डॉलर मागितले. वीस हजारांहून अधिक लोकांनी मिळून सात लाख तेवीस हजारांच्या वर रक्कम दिली. त्या पैशातून हातानं रेखाटलेल्या पात्रांचा आणि निसर्गचित्रांचा खेळ तयार झाला. डिस्नेच्या १९५९ सालच्या ‘स्लीपिंग ब्यूटी’ची पार्श्वभूमी रंगवणाऱ्या आयव्हिंड अर्लची शैली त्यांनी उघडपणे समोर ठेवली होती. संगीत ऑस्टिन विंटरीचं. त्याच्याच संगीतानं गाजलेला २०१२ चा ‘जर्नी’ हा खेळ तर दोन-तीन तासांतच संपतो. तरी त्या संगीताला ग्रॅमीचं नामांकन मिळालं आणि खेळाडूंनी त्या खेळाला डोक्यावर घेतलं.

म्हणजे अडचण लांबीची नसते. ‘जर्नी’त आकडे नाहीत, पातळ्या नाहीत, शस्त्रांची यादी नाही, म्हणून तो छोटा असलेला चालतो. डावपेचांचा रोल-प्लेइंग खेळ म्हटला की मात्र अपेक्षा ठरलेली असते. पात्रं हळूहळू वाढवायची, नकाशे पालथे घालायचे आणि चाळीस-पन्नास तास त्यात बुडून जायचं. १९९७ च्या ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’नं आणि ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेनं ही सवय लावली. सवय चांगली आहे, मलाही आहे. पण सवयीला निकष करू नये. पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेला दोन अंक कमी पडले, असं प्रेक्षागृहातलं कुणी म्हणत नाही.

आता याच खेळाडूंची दुसरी तक्रार पाहा. लढाया त्याच त्या वाटतात, शत्रूंचे प्रकार मोजके आहेत, पुन्हा पुन्हा तेच ड्रेज समोर येतात. ही तक्रार खरी आहे. या खेळात शत्रूंची विविधता कमी आहे, आणि अर्ध्या वाटेवर ते जाणवू लागतं. पण या दोन तक्रारी एकाच मतात शेजारी शेजारी बसतात तेव्हा मी तिथेच थांबते. लढाया कंटाळवाण्या वाटत असतील, तर खेळ लांब कशासाठी हवा? आणखी तीस तास त्याच ड्रेजशी झुंजण्यासाठी? तिघांच्या स्टुडिओनं खेळ चाळीस तासांचा केला असता तर तो याच रीतीनं केला असता. तीच लढाई, तेच शत्रू, फक्त आकडे वाढवलेले. दहाव्या-बाराव्या तासाला थांबणं हा त्यांचा शहाणपणा होता.

तासांच्या या हिशेबाला खतपाणी घालते ती दुकानाची रचना. ‘स्टीम’ या खेळांच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक मतासोबत ते लिहिणाऱ्यानं किती तास खेळलं हे छापलेलं असतं. मताला दोनच दिशा, अंगठा वर किंवा अंगठा खाली. जून २०१५ पासून तिथे पैसे परत मिळण्याची सोय आहे. खरेदीला चौदा दिवस झालेले नसावेत आणि खेळणं दोन तासांच्या आत असावं, एवढीच अट. ग्राहक म्हणून ही सोय मला हवीच आहे. फसवे, मोडके खेळ गळ्यात मारणाऱ्यांना तिनं चाप बसवला. पण दोन तासांच्या आत संपणाऱ्या प्रामाणिक खेळाचं काय? २०२१ मध्ये ‘समर ऑफ ’५८’ हा छोटा भयखेळ करणाऱ्या ‘एमिका गेम्स’नं जाहीर केलं, की लोक खेळ पूर्ण करून पैसे परत घेत आहेत, म्हणून आपण खेळ बनवणं अनिश्चित काळासाठी थांबवत आहोत. यातल्या काही खेळाडूंनी खेळाची स्तुतीही केली होती. स्तुती केली, शेवट पाहिला आणि पैसे परत घेतले. याला माझ्याकडे एकच शब्द आहे, लबाडी.

‘बॅनर सागा’ दोन तासांपेक्षा बराच मोठा असल्यानं या तडाख्यातून वाचतो. पण वृत्ती तीच आहे. खेळाला वेळेच्या भावानं तोलायचं, आणि वेळ कमी भरला की तो महाग ठरवायचा. त्यातून छोट्या स्टुडिओंना एकच धडा मिळतो, ‘पाणी घाला’. मग पात्रांची निरर्थक धावपळ येते, शंभर पिसं आणि पन्नास शिंपले गोळा करायला लावणाऱ्या कामांची यादी येते, प्रत्येक दारामागे तीच लढाई येते. आणि मग आपणच पुन्हा लिहितो, की खेळ ताणलेला आहे.

आता चांगल्या तक्रारींकडे वळू. या खेळाबद्दल खेळाडू जेव्हा नियमांवर भांडतात, तेव्हा ते भांडण वाचण्यासारखं असतं.

सगळ्यांत मोठा वाद पाळ्यांचा. इथे एकदा तुमचा मोहरा, एकदा शत्रूचा, असं आलटून-पालटून चालतं. कुणाकडे किती मोहरे उरलेत याला किंमत नाही. समजा तुमचे सहा आहेत आणि शत्रूचे दोनच उरले. बारा पाळ्यांत तुमच्या प्रत्येकाला एकदा हात उचलता येईल आणि शत्रूच्या प्रत्येकाला तीनदा. म्हणजे शत्रू मारावेत तसे उरलेले शत्रू अधिक चपळ होतात! डावपेचांच्या खेळांची वर्षानुवर्षांची शिकवण अशी, की एकाला गाठा, संपवा, मग दुसऱ्याकडे वळा. ‘बॅनर सागा’त ती अंगाशी येते. इथे सगळ्यांना थोडं थोडं लुळं करत न्यायचं आणि शेवटी भराभर आटोपायचं, हा मार्ग फायद्याचा. एकच शत्रू उरला की मात्र हा नियम सुटतो आणि तुमचे सगळे एकामागून एक तुटून पडू शकतात.

खेळाडूंचे इथे दोन तट आहेत. एक म्हणतो, हा नियम अक्कलशून्य आहे, संख्याबळाचा फायदाच मिळत नसेल तर युद्ध कसलं? दुसरा म्हणतो, याच नियमामुळे शेवटच्या क्षणापर्यंत डाव जिवंत राहतो. मी दुसऱ्या तटात आहे, आणि कारणही सांगते. इतर खेळांत पहिले दोन शत्रू पडले की लढाई मनातल्या मनात संपलेली असते, उरतो तो निव्वळ हमालीचा भाग. इथे ती हमाली नाही. पण पहिल्या तटाची एक गोष्ट मला पूर्ण मान्य आहे, की हा नियम खेळ नीट समजावून सांगत नाही. खेळाडू हरतो, चिडतो, आणि आपण का हरलो हे त्याला बाहेर कुणाला तरी विचारावं लागतं. नियम वेगळा ठेवायचा तर तो शिकवण्याची जबाबदारीही घ्यायला हवी. स्टोइकनं ती पुरती घेतली नाही.

दुसरा नियम ताकदीचा. या खेळात जीव आणि मारा यांचा आकडा एकच आहे. तुमची ताकद दहा आणि समोरच्याचं चिलखत सात असेल, तर घाव तीनचा. आधी कुणी ते चिलखत चारवर आणलं असेल, तर तोच घाव सहाचा. आणि ज्याची ताकद दहावरून तीनवर आली, त्याच्या घावामागेही तीनचीच ताकद उरणार. एवढ्या साध्या वजाबाकीतून प्रत्येक पाळीला खरा पेच उभा राहतो. आता चिलखत फोडू की सरळ घाव घालू? माझा जखमी वार्ल मागे घेऊ की त्याला शेवटचा उपयोग म्हणून पुढे ढकलू? इच्छाशक्तीचे मोजके गुण आत्ता खर्च करू की राखून ठेवू? सगळे आकडे समोर मांडलेले असतात. ताकद चिलखतापेक्षा कमी पडली तरच घाव हुकण्याची भीती, एरवी नशिबावर खापर फोडायला जागा नाही. या नियमाची स्तुती खेळाडूंनी भरभरून केली आहे आणि ती सार्थ आहे. जखमी योद्धा दुबळा होतो ही साधी गोष्ट कित्येक मोठ्या, महागड्या खेळांत आजही दिसत नाही. तिथे मरणाच्या दारातला सैनिकही तितक्याच जोमानं तलवार फिरवतो.

तिसरा वाद कीर्तीचा. लढाईत शत्रू मारले की कीर्तीचे गुण मिळतात. त्याच गुणांवर योद्ध्यांना वरची पायरी द्यायची, आणि त्याच गुणांवर बाजारात तांड्यासाठी धान्य घ्यायचं. अनेकांना हा अन्याय वाटतो. लढायचं मी, आणि माझी कमाई पोती भरण्यात जायची? हो, तशीच जायला हवी. तुमच्या मागून शेकडो माणसं बर्फातून चालत आहेत. एका योद्ध्याला बळ द्यायचं की इतक्यांच्या पोटाला घालायचं, हा प्रश्न नेत्यासमोर असतोच, आणि खेळानं तो एका आकड्यात आणून तुमच्यापुढे ठेवला. संपूर्ण खेळातली ही सर्वांत धीट रचना आहे.

पण इथेच खेळ मागे हटतो, आणि या मुद्द्यावर टीकाकार बरोबर आहेत. धान्य संपलं की माणसं मरतात, तांड्याची उमेद घसरते, तांड्यातल्या माणसांचा आकडा उतरतो. मात्र गोष्टीवर त्याचा परिणाम फार थोडा होतो. ज्यानं सगळी कीर्ती योद्ध्यांवर उधळली आणि लोक उपाशी ठेवले, त्यालाही शेवट साधारण तोच दिसतो. काही चाणाक्ष खेळाडूंनी हे हेरलं आणि एकमेकांना सल्ला दिला, की लोकांची काळजी करू नका. असा सल्ला देता येतो हे त्या रचनेचं अपयश आहे. एवढा कठोर प्रश्न विचारायचा आणि चुकीच्या उत्तराची शिक्षा द्यायची नाही, हे मला ‘छोटा आहे’पेक्षा शंभरपटीनं मोठं वैगुण्य वाटतं.

चौथी तक्रार अवचित जाणाऱ्या माणसांची. लढाईत पडलेला योद्धा मरत नाही, जखमी होतो, काही दिवसांच्या विश्रांतीनं बरा होतो, आणि त्या दिवसांचं धान्य खर्ची पडतं. पण प्रवासात एखाद्या साध्या दिसणाऱ्या निर्णयानं तुमचा लाडका योद्धा कायमचा जाऊ शकतो. त्याच्यावर खर्च केलेली कीर्तीही त्याच्यासोबत गेली. शिवाय हवं तिथे स्वतः नोंद करून ठेवण्याची मुभा नाही, खेळ आपल्या सोयीनं नोंद करतो. इथे खेळाडूंचा संताप उसळतो, आणि तो खोटा नाही. काही ठिकाणी निर्णय आणि परिणाम यांचा धागा लागत नाही, तिथे खेळ दोषी आहे. पण बहुतेक ठिकाणी इशारा दिलेला असतो. कुणावर विश्वास ठेवला, कुणाला पहाऱ्यावर ठेवलं, काय ऐकून न ऐकल्यासारखं केलं, हे मागे वळून पाहिलं की आठवतं. मागे जाऊन निर्णय बदलण्याची सोय सहज हाताशी असती, तर कुणाच्याही जाण्याचं दुःख झालं नसतं. दुःख व्हावं म्हणूनच हा खेळ लिहिला आहे.

पाचवी तक्रार शेवटच्या लढाईची. तोवर सोसवेल इतकाच कठीण असलेला खेळ तिथे अचानक भिंतीसारखा उभा राहतो. ज्यानं चुकीचे योद्धे वाढवले तो तिथे अडकतो. तक्रार रास्त आहे. अडचणीची पातळी केव्हाही कमी करता येते, हा त्यावरचा उतारा. पण पायऱ्या नीट बांधल्या असत्या तर उताऱ्याची गरज पडली नसती.

आणि राहिली शेवटच्या निवडीची गोष्ट. ती निवड काय हे मी लिहिणार नाही. एवढंच सांगते, की दहा तास तुम्ही ज्यांच्यासोबत चाललात त्यांच्यामुळेच ती जड जाते. तुमचा खेळ जतन केलेला असेल तर ती निवड पुढच्या भागात सोबत येते. दुसरा भाग २०१६ मध्ये आला, तिसरा २०१८ मध्ये. ज्यांना गोष्ट अर्धवट वाटली त्यांची चार वर्षांची प्रतीक्षा मी समजू शकते. आज तिन्ही भाग उपलब्ध आहेत, त्यामुळे त्या तक्रारीतला जीव आता गेला आहे.

हे सगळं दूरच्या ऑस्टिनबद्दल आहे असं समजून पान उलटू नका. पुण्यातल्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’नं २०२० मध्ये ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ आणला. तो डावपेचांचा नाही, मारधाडीचा आणि साहसाचा खेळ आहे. त्यांनीही किकस्टार्टरवर लोकांकडे पैसे मागितले होते, आणि तिथे त्यांचं उद्दिष्ट पूर्ण झालं नाही. तरी त्यांनी खेळ पूर्ण केला. ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये त्या वर्षीच्या पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळांच्या यादीत त्याचं नामांकन झालं. आणि खेळाडूंची तक्रार काय होती? पाच-सहा तासांत संपतो, आणि शेवट तोडल्यासारखा वाटतो. यातला दुसरा भाग उपयोगी आहे. शेवट तुटक वाटणं हा रचनेचा दोष आहे आणि बनवणाऱ्याला तो कळायलाच हवा. पहिल्या भागाचा त्यांना काहीही उपयोग नाही. किती तासांचा खेळ आपल्या पैशात बसतो हे त्यांना आपल्याआधीच ठाऊक असतं.

पैशांचा प्रश्न मी झटकत नाही. आपल्याकडे खेळ विकत घेणारा बहुतेक वेळा विद्यार्थी असतो किंवा नुकता नोकरीला लागलेला, आणि त्यानं खर्चाचा विचार करणं योग्यच आहे. त्यावर सरळ उपाय आहे. सवलतीची वाट पाहा, असे खेळ ठरावीक काळानं निम्म्याहून कमी भावात मिळतात. भाव परवडत नाही असं म्हणणं प्रामाणिक आहे. भाव परवडत नाही म्हणून खेळच तोकडा ठरवणं अप्रामाणिक आहे.

खेळाडूच्या मतात ताकद असते. छोट्या स्टुडिओकडे जाहिरातीला पैसा नसतो, त्यांचा पुढचा खेळ होणार की नाही हे अनेकदा या मतांवरच ठरतं. म्हणून मत देताना तीन प्रश्नांची उत्तरं द्या. कोणत्या नियमानं तुम्हाला विचार करायला लावलं? कोणता नियम न सांगता तुमच्यावर लादला गेला? तुम्ही घेतलेल्या निर्णयाचा परिणाम शेवटपर्यंत टिकला का? या तीन उत्तरांतून वाचणाऱ्याला खेळ कळतो आणि बनवणाऱ्याला आपली चूक कळते. तासांचा आकडा दुकान छापतंच, तो पुन्हा लिहू नका.

माझा निकाल असा. ‘द बॅनर सागा’त शत्रू मोजके आहेत, भुकेचा धाक अपुरा आहे, शिकवणी कच्ची आहे. तरीही डावपेचांच्या खेळांत माझ्या मते तो पहिल्या रांगेत बसतो, आणि त्याची लांबी अगदी बरोबर आहे. विकत घ्या, शेवटपर्यंत खेळा, आणि मग मत लिहा. मराठीत लिहिलंत तर फारच उत्तम.